नाळेसाठी सुरी

जवसाच्या तेलाचा वास आला, की मला मंठ्यातली लोहाराची भट्टी आठवते, मुलांनो. आईचे दिवस भरत आले होते आणि तिने नवी सुरी करायला टाकली होती. लोहारीणबाई विटेची पूड त्या तेलात कालवून पाते घासत होत्या आणि आई "अजून घासा" म्हणत होती. "बास की, वैनी! भाजी कापायला आरसा पायजे का?" त्या हसल्या. आई म्हणाली, "भाजीसाठी न्हाई. मागच्या बारीला गंजक्या विळ्यानं नाळ कापल्ती. लेकरू गेलं."  लोहारीणबाईंनी पुन्हा पूड घेतली आणि पात्यावरून फिरवलेला कापूस कुठेच अडकेनासा होईपर्यंत त्या घासत राहिल्या. काल फोनवर तुम्हाला हसवणाऱ्या मामाआजोबांची नाळ त्याच सुरीने कापली.