ओल्या मुलांचा माग

माझी बायको वत्सला अमेरिकेत ओली मुलं शोधत फिरायची. किराणा दुकानाबाहेर गाड्या लावायची मोठी जागा असते, तिथे ती नातीची ढकलगाडी धरून उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांच्या डोक्यांकडे बघायची. आभाळ कोरडं, ऊन रणरणतं, आणि एखादं पोर ओल्या केसांनी, गळ्यात टॉवेल घालून आईबरोबर दुकानात शिरलं, की ही त्याच्या मागे. मला म्हणायची, "अहो, केस टपटपतायत. म्हणजे पाणी जवळच आहे. कालच्या पोराचं नुसतं कानामागे ओलं होतं, ते अर्ध्या तासावरून आलं असणार." मग ती त्या आईला गाठायची. इंग्रजीचे तीन शब्द होते तिच्याकडे. वॉटर, व्हेअर, फ्री. बाकीचं हातांनी. दोन्ही हात वर करून बोटं उडवली, की झालं कारंजं. मी तेवढा वेळ कांद्याबटाट्यापाशी जाऊन उभा राहायचो. मला लाज वाटायची, खरं सांगतो.

पण एकही बाई तिच्यावर वैतागलेली मी बघितली नाही. बायका हसायच्या, फोनमध्ये नकाशा दाखवायच्या. नकाशा वत्सलाला कळायचा नाही. ती पिशवीतून वही काढायची आणि त्या बाईलाच चित्र काढायला लावायची. कोणी टोकदार छपराचं चर्च काढून दिलं, कोणी आगीचा बंब. एकीने बेडूक काढला, तो कशासाठी ते तिथे गेल्यावर कळलं. बेडकाच्या तोंडातून पाणी उडत होतं.

मी सातवी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण ती कशी होती ते ज्यांनी तिला बघितलं नाही त्यांना कळावं म्हणून लिहितो आहे. थोर वगैरे काही नव्हती. घोरायची. हट्टी होती. माझ्या भावजयीशी एका कढईवरून अकरा वर्षं बोलली नाही. आणि लोकांच्या पोरांना मात्र जीव लावायची.

आमचा मुलगा संदीप नॉर्थ कॅरोलायनात असतो. मॉरिसव्हिलला त्याचं ऑफिस आहे, पण घर घेतलं ते पाऊण तास लांबच्या एका लहान गावात. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही दोघं त्याच्याकडे सहा महिन्यांसाठी गेलो. नात ईरा चार वर्षांची. तिला आम्ही फोनवर रोज बघत होतो, पण विमानतळावर ती आईच्या पायामागे लपली आणि म्हणाली, "हू इज शी?" वत्सला हसली. रात्री बॅगा उघडून ईरासाठी आणलेली परकर-पोलकी मांडत बसली. सगळी लहान झाली होती.

महिनाभर तिने सगळं करून बघितलं. बेसनाचे लाडू केले, गाणी म्हटली, पाठीवर बसवायचं कबूल केलं. ईरा लांबूनच बघायची. सूनबाई मानसी म्हणायची, "ईरा, गो हग आजी." ईरा यायची, खांद्याला हात लावायची आणि पळायची. वत्सला मानसीला म्हणाली, "तिला पाठवत जाऊ नकोस गं. पाठवलेलं पोर माझं नाही. आपण होऊन आली तर आली." मानसीला ते लागलं, पण तिने ऐकलं. मला मात्र वत्सला एकदा म्हणाली, "सहा महिन्यांतला एक गेला हो. ही मला नुसती बाई समजते."

मग एक दिवस शेजारच्या अंगणात गवताला पाणी मारायची तोटी फिरत होती आणि ईरा कपड्यांसकट तिच्याखाली नाचताना दिसली. वत्सलाने तेवढं पकडलं. पोरीला पाणी आवडतं. जवळचा पोहण्याचा तलाव सभासदांसाठी होता, आणि खोल पाण्याला ईरा घाबरायची. तेव्हा गल्लीतली पल्लवी म्हणाली, "मावशी, स्प्लॅश पॅडला न्या ना तिला. फ्री असते, बुडायचं काही टेन्शनच नाही." पल्लवी नागपूरची. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरी करता येत नाही, दोन पोरांना घेऊन दिवसभर घरात. स्प्लॅश पॅड म्हणजे काय ते तिनेच सांगितलं. सिमेंटचं गोल अंगण. जमिनीतून, खांबांतून पाणी उडतं आणि जाळीतून निघून जातं, साचत नाही.

पहिल्या दिवशी आम्ही तिघं चालत गेलो. साडेनऊला पोचलो. अंगण होतं, रंगीत खांब होते, पाण्याचा थेंब नाही. आता मी गावाकडे नगरपालिकेत तीस वर्षं व्हॉल्व्हमन होतो. लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली पाणी सोडायचं माझं काम. त्यामुळे मी वत्सलाला सांगितलं, "पाण्याची वेळ झाली नसेल. दहाला सुटेल." आम्ही बाकावर बसलो. दहा वाजले. मी म्हटलं, "मोठी टाकी भरायला वेळ लागतो. अकराला नक्की." मध्ये उठून मी गवतात व्हॉल्व्हच्या चेंबरचं झाकण शोधून आलो. अकरा वाजले. ईरा माती उकरत होती. वत्सला म्हणाली, "इथला व्हॉल्व्हमन तुमच्यासारखाच दिसतोय. चहा पीत बसला असेल." मला राग आला. मी म्हटलं, "बाराला सुटलं नाही तर तक्रार करू."

बाराच्या आत एक गोरी बाई आली. तिचं डायपर घातलेलं पोर लुटुलुटु चालत एका खांबापाशी गेलं आणि त्याने खांबाला एक चापट मारली. धो धो पाणी सुरू झालं. खांबाला बटण होतं. दाबलं की पाच मिनिटं पाणी, परत दाबायचं.

वत्सलाने माझ्याकडे बघितलं. "तीस वर्षं नोकरी कशाची केलीत हो?" एवढंच म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता बाकावर आडवी झाली. तिला बघून ईरा हसायला लागली. संध्याकाळी बाप आल्यावर ईराने त्याला सगळी गोष्ट सांगितली, मी झाकण कसं शोधत होतो ते ओणवं होऊन दाखवलं, आणि प्रत्येक वेळी आजीकडे बघून घेतलं, की बरोबर सांगते आहे ना. आपण होऊन बघितलं. मी थट्टेचा विषय झालो तर झालो.

पंधरा दिवसांनी ते दुरुस्तीसाठी बंद ठेवलं. तिथून वत्सलाचा हा शोध सुरू झाला. तिने माग काढायचा आणि पल्लवीने गाडी काढायची. पल्लवी म्हणायची, "मावशी, गुगलवर पाहते ना मी." वत्सला म्हणायची, "बघ, पण तिथे सावली कुठे आहे ते लिहिलंय का?" ते कुठे लिहिलेलं नसायचं. नव्या जागी गेलं की पोरांना गाडीतच बसवून ही आधी उतरायची आणि तळहात सिमेंटवर ठेवायची, तवा तापला का बघतात तसा. "भाकरी भाजेल. चारनंतर या," म्हणून सगळ्यांना परत न्यायची. मग पाण्यात पाय घालायची. पोरांनी विचारलं, "कोल्ड आहे का?" तर गार असेल तर गार म्हणायची. "गारढोण आहे. पहिल्यांदा ओरडाल, मग बरं वाटेल." पोरं ओरडत आत जायची.

त्या भागातल्या मराठी बायकांचा फोनवर एक ग्रुप होता. पल्लवीने वत्सलाला त्यात घातलं. टाइप करता येत नव्हतं, ती बोलून पाठवायची. मानसीच्या फोनमध्ये अजून आहेत ते निरोप. "मी वत्सलामावशी बोलते. उद्या बंबवाल्यांच्या मागचं. पाणी गार आहे. सावली अकरापर्यंत. बटण डावीकडच्या खांबाला आहे, आमच्या ह्यांच्यासारखी वाट बघत बसू नका. डब्यात काहीतरी खारट आणा, पाण्यातून निघालेल्या पोराला गोड नको असतं." दहा-बारा बायका यायच्या. इंजिनियर झालेल्या, घरात बसलेल्या. पोरं पाण्यात आणि आया गवतावर. कोणाच्या नवऱ्याची नोकरी गेली, कोणाची सासू आजारी, सगळं तिला सांगायच्या. ती सल्ला देत नसे. "खा आधी," म्हणायची.

ईरा तोवर तिच्याशी बोलायला लागली होती, पण दुरूनच. बटण दाबून घ्यायला, टॉवेल मागायला. 'आजी' अशी हाक एकदाही नाही.

ऑगस्टात पल्लवीने आम्हाला एका मोठ्या ठिकाणी नेलं. तिथे उंचावर एक भलीमोठी बादली होती. ती भरली की घंटा वाजायची आणि बादली उलटायची. ईरा खेळता खेळता बरोबर तिच्याखाली गेली. घंटा वाजली, बाकीची पोरं किंचाळत जमली, आणि ही वर बघून जागच्या जागी थिजली. रडता पण येईना. मी बाकावरून ओरडलो, "अगं, ओढ तिला!" वत्सला नेसत्या पातळाने आत शिरली. गुडघे दुखणारी बाई, पण गेली. मला वाटलं उचलून आणेल. तिने उचललं नाही. शेजारी उभी राहिली, हात पुढे केला आणि म्हणाली, "मोठा आवाज होणार आहे. मला पण भीती वाटते. धर."

बादली उलटली. दोघी दिसेनाशा झाल्या. पाणी सरलं तेव्हा वत्सलाचा अंबाडा सुटलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि ईरा दोन्ही हातांनी तिच्या कमरेला चिकटलेली. मी म्हटलं, "बाहेर ये, लोक बघतायत." ती म्हणाली, "बघू दे. म्हातारी काय रोज भिजते?" ईराने मान वर केली आणि म्हणाली, "आजी, अगेन."

त्या दिवशी बादली सात वेळा उलटली. सातही वेळा दोघी तिच्याखाली होत्या. पल्लवी म्हणाली, "अरे बाप्पा, मावशी, माझी सीट गेली आता!" आणि स्वतःची ओढणी सीटवर अंथरली. घरी येईपर्यंत ईरा त्या ओल्या पातळावर डोकं ठेवून झोपली. वत्सला तासभर हलली नाही. पायाला मुंग्या आल्या तरी नाही.

पुढे थंडी पडली, पाणी बंद झालं, नोव्हेंबरात आम्ही परतलो. वत्सलाने पुढच्या मे महिन्याचं ठरवून ठेवलं होतं.

फेब्रुवारीत ती वारली. सकाळी चहा गाळत होती, गाळणी हातात तशीच धरून खाली पडली. मेंदूत रक्तस्राव झाला, दवाखान्यात दोन दिवस काढले. संदीप येऊन गेला. मानसीला आणि ईराला येता आलं नाही. मला तिकडे एकटं ठेवायचं नाही म्हणून मे महिन्यात त्याने मला बोलावून घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी मानसीचा फोन आला. "बाबा, ईराला अजून सांगितलं नाहीये. आजी इंडियात आहे, एवढंच सांगितलंय. हळूहळू सांगू. प्लीज तुम्ही काही बोलू नका." मी बरं म्हटलं.

विमानतळावर ईरा पळत आली. या वेळी लपली नाही. माझ्या पायांना विळखा घातला आणि माझ्या मागे बघायला लागली. मागून दुसरी माणसं सामानाच्या गाड्या ढकलत आली, ती बघतच राहिली. "व्हेअर इज आजी?"

"चल, आधी गाडीत बसू," संदीप म्हणाला.

गाडीत ती माझ्या शेजारी, तिच्या लहान खुर्चीत, पट्टा बांधून. परत विचारलं. मानसी पुढून म्हणाली, "आजी तिकडेच आहे, बेटा. शी इज टायर्ड." ईराने मला विचारलं, "टुमारो येणार?"

कबूल केलं होतं ते मला पाळता आलं नाही. जी पोर आपण होऊन आली, तिला रोज दाराकडे बघत बसवायचं हे मला जमलं नसतं. मी म्हटलं, "आजी मेली, बाळ. आता येणार नाही."

"बाबा!" मानसी म्हणाली.

ईरा माझ्याकडे बघत राहिली. "हर्ट झालं तिला?"

"झालं. डोकं फार दुखलं. मग तिला काही कळत नव्हतं."

मग ती म्हणाली, "मी बाय नाही म्हटलं. एअरपोर्टला. मी एस्कलेटरवर प्ले करत होते."

"मला माहितीये. आजीने बघितलं तुला. मी म्हटलं, हाक मारू का? ती नको म्हणाली. म्हणाली, ईरा रडत नाहीये, कारण मी परत येणार हे तिला पक्कं ठाऊक आहे. विमानात मला चार वेळा सांगितलं तिने ते. फार खूश होती."

ईराने ते ऐकून घेतलं. तोंड खिडकीकडे केलं, आणि मग रडली. मोठ्याने, मन लावून रडली. मानसी पुढून हात मागे करत होती, संदीपला गाडी बाजूला घे म्हणत होती.

मी म्हटलं, "चालू दे गाडी. रडू दे तिला. तिची आजी होती."