आईने चाळलेली राख

आमच्याकडे अग्निहोत्र होतं. ब्रह्मा घाटावरच्या मराठी घरांतही आता ते फारसं उरलेलं नाही. बाबा सकाळ-संध्याकाळ आहुती देत, आई शेजारी बसे आणि कुंडातली राख मी माझ्या कामाला नेई. मी चिनीमातीची भांडी बनवते. राख पाण्यात कालवून भांड्यावर चढवली की भट्टीत ती वितळते, तिची काच होते. कधी शेवाळी, कधी पुराच्या पाण्यासारखी गढूळ. काय निघेल ते भट्टी उघडेपर्यंत कळत नाही.

राख आई चाळून द्यायची, जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून. माझ्या भांड्यातून तिने पाणी मात्र कधी प्यायलं नाही. चिनीमाती तिच्या स्वयंपाकघरात चालत नसे. "सुरेख झालंय गं. गॅलरीत ठेव, पाहुण्यांना दाखव," म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. अग्निहोत्र नवरा-बायको दोघांचं असतं. बायको गेली की घरचा अग्नी तिच्याबरोबर जातो, त्यानेच तिचं दहन करतात. काकांनी निखारे मडक्यात भरले आणि सगळे घाटाकडे निघाले. मी जिन्यात उभी राहिले. त्या संध्याकाळी बाबा सवयीने हातपाय धुऊन कुंडाच्या खोलीत गेले, थोडा वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी पंखा लावला. त्या खोलीत आम्ही पंखा कधी लावत नसू.

आईने चाळलेली डबाभर राख उरली होती. ती चढवून बाबांसाठी एक वाटी करावी, पिंपळपान उमटवलेली, असं मला वाटलं. विचारायला बरेच दिवस लागले.

"थोडी ठेवते तुमच्याकडे," मी म्हटलं.

"अर्धीमुर्धी कशाला? पुरी घे. तिच्या हातची आहे, चांगलं काही होऊ दे."

मी पान ओल्या मातीत दाबलं. बारीकशी शीरसुद्धा उमटली. याच राखेने, याच आचेवर मी आधी कितीतरी भांडी काढली होती. या वेळी भट्टी उघडली तर सगळी काच वाहून खाली साचलेली, वाटी भट्टीतल्या फरशीला चिकटलेली. छिन्नी लावली तेव्हा ती फुटली.

घरी आल्यावर तुकडे बाबांसमोर ठेवले.

"पान कुठंय?"

"काचेखाली गेलं."

"आणि राख?"

"हीच. ही हिरवी."

त्यांनी तुकडा उचलून नखाने खरवडून पाहिला. "निघत नाही?"

"नाही, बाबा."

"चिमूटभरसुद्धा?"

तेव्हा मला कळलं. अंघोळीनंतर ते रोज कुंडातली राख कपाळाला लावत. डबा दिल्यापासून कपाळ कोरं होतं. मी ते रोज पाहत होते. दुःखामुळे सोडलं असेल असं समजून विचारलं नव्हतं.

"राहू दे," ते म्हणाले. "गल्लीत विभूतीची पुडी मिळते. येताना घेऊन ये."