दक्षिणेचं दार

शहाद्याला एसटी स्टँडसमोर, पहिल्या मजल्यावर, मी गेमझोन चालवत होते. बाईमाणूस असला धंदा करते म्हणून लोकांनी नाकं मुरडली. मुरडा म्हटलं, नाक तुमचंच आहे. बाहेरून दिसतो तेवढा तो खेळ नाही. व्होल्टेज खालीवर झालं की मशीनचं कार्ड जळतं, आणि दुरुस्त करणारा सुरतेहून येतो, तोही त्याच्या सवडीनं. शेतात राबणारे हात जॉयस्टिक असा ओढतात की तो मुळासकट उपटून येतो. परीक्षा आल्या की हॉल ओस, आणि बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नाही.

जागा घेतली तेव्हा तिला दोन दारं होती. पुढचं, अरुंद जिन्याचं. मागचं, लोखंडी जिन्याचं, चांगलं रुंद. एअर हॉकीचं टेबल मागूनच आत आलं. पुढच्या जिन्यात ते वळलंच नसतं.

खाली घरमालक शेठचं कापडाचं दुकान, आजोबा राजस्थानातून आले तेव्हापासूनचं. माणूस वाईट नाही. मी टायफॉइडनं पडले तेव्हा त्यांच्या घरून रोज डबा यायचा. पण त्यांच्या थोरल्या मुलाचा अपघात झाला, पोरगा अंथरुणाला खिळला, आणि कुणा वास्तुवाल्यानं सांगितलं की मागचं दार दक्षिणेला आहे, ते बंद करा. शेठनी त्याच दिवशी कुलूप घातलं, वर लिंबू-मिरची टांगली, किल्ली देव्हाऱ्यात ठेवली. पुढे मुलगा चालायला लागला. झालं! आता त्या दाराला कोण हात लावू देतो?

मी उठल्यासुटल्या भांडायचे. "शेठ, वर हॉलमजार पोरेसोरे भरेल ऱ्हातस. आग लागनी त जातीन कथाईन?"

"बेन, असं वंगाळ बोलू नको. मन्हा पोऱ्या पायवर उभा शे तो त्या कुलूपमुळेच."

तपासणीला साहेब आले त्या दिवशी शेठनी स्वतः किल्ली आणून दार सताड उघडलं. साहेबांनी मान डोलावली, सही केली. त्यांची गाडी कोपऱ्यावर वळते न वळते तोच कुलूप परत जागेवर. मी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर शेठना बोल बोल बोलले. ते हात जोडून ऐकत राहिले, आणि किल्ली घेऊन घरी गेले.

होळीच्या आधीचा बाजार होता. डोंगरातली माणसं खरेदी आटोपून, बसला वेळ असला की पोरांना घेऊन वर यायची. आधी स्टॅबिलायझरचा वास आला, मग भसाभसा धूर. मी मेन स्विच पाडला. अंधार झाला, आणि सगळे पुढच्या जिन्यावर धावले. तिथं माणसावर माणूस. एक बाई मात्र लेकरू कडेवर घेऊन उलटी पळाली. रुंद दार तिनं आल्याआल्याच हेरलं असणार. दोन्ही मुठींनी ती दार बडवायला लागली. डोंगरातल्या पावरी बोलीत काय ओरडत होती त्यातला एक शब्द मला कळला नाही, आणि कळायचं काही राहिलंही नाही. मी तिला ओढत पुढे आणलं. लेकराचं तोंड तिनं पदरात दाबून धरलं होतं.

कुणी दगावलं नाही. खाली रस्त्यावर ते पोरगं खोकून खोकून निळं पडलं, मग एकदाचं रडलं. शेठ धावत आले आणि म्हणाले, "देख बेन! कुलूप व्हतं म्हनीसन टळनं. मोठं इघ्न येवाव व्हतं, ते धूरवर भागनं."

अरे देवा! खोटं बोलले असते तर चार शिव्या हासडल्या असत्या. पण त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं. मी म्हटलं, दार उघडा, नाहीतर मी चालले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी बाप शे, बेन." मी चालले.

मशीनं विकली. अक्कलकुव्याच्या माणसानं टेंपो आणला, पण टेबल पुढच्या जिन्यातून निघेना. शेठनी मुहूर्त पाहिला, लिंबू काढलं, कुलूप उघडलं. टेबल कसं अलगद बाहेर गेलं! त्याचं एक टोक शेठच्या थोरल्यानं धरलं होतं, आणि तो लोखंडी जिना धडधाकट पायांनी उतरत होता. "शेठ, टेबलकरता उघडाले चालनं," मी म्हटलं. पोरगा जिना चढून वर आला तशी शेठनी किल्ली फिरवली.

आता तिथं शिकवणीचा क्लास भरतो. स्टँडवर गेले की आधी मागच्या गल्लीत शिरते आणि वर बघते. कुलूप असतं. लिंबू दर वेळी ताजं असतं.