गाठ नाही म्हणे...

त्या गुरुवारी सकाळी माझे धाकटे दीर दुसरबीडहून पहिल्या एसटीनं औरंगाबादला गेले आणि मी मेथी उपटायला वाफ्यात जाऊन बसले. चाळीसेक वर्षं झाली या गोष्टीला...

आदल्या वर्षी माझ्या छातीचं ऑपरेशन झालं होतं. कॅन्सर. पण हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नव्हतं. सासूबाई 'तो रोग' म्हणायच्या, आमचे हे 'तुझं ते' म्हणायचे, आणि शेजारपाजारचे तर नुसतेच खाली बघायचे.

आता काखेत पुन्हा एक गाठ हाताला लागली होती. डॉक्टरांनी तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला, रिपोर्ट आठ दिवसांनी न्या म्हणाले. तोच आणायला भाऊजी गेले होते.

ते आठ दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. भाकरी थापता थापता हात काखेत जायचा... वाढली का? तेवढीच आहे का? दुखतेय, की मीच दाबून दाबून दुखवलीय? मी मुळात तोंडाळ बाई, पण त्या आठवड्यात कोणाशी भांडलेसुद्धा नाही, आणि त्यामुळे घरातले जास्तच घाबरले.

भाऊजी संध्याकाळच्या गाडीनं यायचे होते. गाडी आली, भाऊजी आले नाहीत. रिपोर्ट वाईट असणार, म्हणून तोंड दाखवायला कचरताहेत, असं मी धरूनच चालले.

तेव्हा घरोघरी फोन कुठले? निरोप एसटीच्या कंडक्टरबरोबर यायचे. थोड्या वेळानं स्टँडवरचे हॉटेलवाले गणपतकाका सायकल दामटत आले आणि लांबूनच ओरडले, "पोरी, तुह्या देराचा निरोप हाये कंडक्टरपाशी... गाठ नाई म्हने!"

गाठ नाही!

आता गाठ तर माझ्या हाताला लागत होती. पण 'गाठ नाही' म्हणजे 'तसली' गाठ नाही, असाच अर्थ आम्ही सगळ्यांनी घेतला. नावच टाळायचं म्हटल्यावर दुसरा कोणता अर्थ घेणार?

सासूबाईंनी देवापुढे डोकं टेकलं आणि रवा भाजायला घेतला. अख्ख्या आळीत शिरा वाटला. मी दोन वाट्या खाल्ला, ह्यांच्याशी वांग्यांना पाणी द्यायच्या पाळीवरून कडाकडा भांडले, आणि झोपले ती पार उन्हं अंगावर आल्यावर उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी आले. तोंड उतरलेलं. शेजारीण शिऱ्याचं भांडं परत द्यायला आली होती, ती त्यांना म्हणाली, "बरं झालं बाप्पा, गाठ नाई ते."

भाऊजी बघतच राहिले. "अवो, गाठ नाई पडली *डाक्टरची*! असा निरोप होता माहा. म्हनून तर मुक्काम केला. सकाळी पुन्हा गेलो, तं म्हने डाक्टर रजेवर हायेत, सोमवारी या."

कंडक्टरकडून काकांकडे येईपर्यंत डॉक्टर वाटेतच कुठंतरी उतरले होते... आज हसू येतं. तेव्हा मी उंबऱ्यावर मटकन बसले.

हात पुन्हा काखेत गेला. गाठ कालही तिथंच होती, एवढीच होती. तरी काल मी जेवले होते, भांडले होते, झोपले होते. आज घोटभर पाणी उतरेना.

सासूबाई आता भाऊजींना फैलावर घेणार असं मला वाटलं. पण त्या माझ्याजवळ येऊन बसल्या, काखेतला माझा हात काढून स्वतःच्या हातात धरला. म्हणाल्या, "लपवू लपवू हे असं झालं. कॅन्सर... पाह्य, म्हनलं म्या. जीभ नाई झडली माही. सोमवारी म्या येतो तुह्यासंगं."

मी रडले. वर्षभरात पहिल्यांदाच कोणासमोर तरी रडले.

सोमवारी आम्ही दोघीच गेलो. बसमध्ये त्या अधूनमधून विचारायच्या, "भेव कुठी वाटू राह्यलं? पोटात का छातीत?" मी म्हणायचे, पोटात. "वाटू दे," असं म्हणून पुन्हा खिडकीबाहेर बघायच्या. ना 'घाबरू नको', ना 'देव आहे'. फक्त विचारायच्या... आणि मला श्वास घेता यायचा.

डॉक्टरांनी रिपोर्ट उघडला आणि सुरुवात केली, "या गाठीचं असं आहे..."

सासूबाईंनी हात वर केला. "साहेब, गाठीचं नोका सांगू. गाठीनं लय घोटाळा केला आमच्या घरी. कॅन्सर हाये का नाई, तेवढं सांगा."

इतक्या मोठ्यानं, की बाहेरच्या बाकावरची माणसं दारातून डोकावली. डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. "नाही, आजी. कॅन्सर नाही."

मी त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी म्हटलं.

सासूबाई जाऊन वीस वर्षं झाली. माझ्या तपासण्या मात्र चालूच आहेत, आणि दर वेळी तेच... रिपोर्ट हातात पडेपर्यंत जीव टांगणीला. सवय होते असं जे सांगतात, त्यांची स्वतःची तपासणी बहुतेक कधी झालेलीच नसते.

उद्या पुन्हा जायचंय. कॅन्सरचीच तपासणी. भीती वाटते का? वाटते. पोटात.

आता विचारायला त्या नाहीत, म्हणून तुम्हा सगळ्यांना सांगून टाकलं...