पाण्याला हात

माझी थोरली बहीण सुमनताई निंबोल्याच्या केळीबागांत राबली, म्हणून मी घरातला पहिला पदवीधर झालो. आज थकून तापीच्या घाटावर बसलो, पाणी कपाळाला लावलं, आणि मित्रांसोबतच्या समुद्रातल्या क्रूझचा पहिला दिवस आठवला.

"नावेत बसण्याआधी पाण्याला हात लाव," ताईने बजावलं होतं. पण धक्क्यावरून थेट जहाजात चढावं लागलं, आणि कठड्यापासून पाणी कितीतरी खाली होतं. मी वाकून बघत राहिलो.

"काय भाऊ, मछली पकडतो का?" मित्र हसले.

मी खुर्चीत गळून बसलो. तेव्हा वाटलं, हा शीण नोकरीचा आहे. आता कळतं, तो ताईला मागे ठेवून आल्याचा होता. उतरल्यावर तिला पत्र टाकलं: "ताई, समुद्र पाहिला, पण हात पाण्याला पोचला नाही. पुढच्या वेळी दोघं काठावर जाऊ. आधी तू हात लाव."