दम हाय का तुला?

माझं माहेर सोलापूरकडचं, पाटासारख्या सपाट मुलखातलं. तिथं उंचावर चढायचं म्हणजे कडब्याच्या गंजीवर, आणि तेही मुलग्यांनी. अशा मुलीला चाकणजवळ, थेट डोंगराच्या पायथ्याच्या गावात दिलं. तो डोंगर रोज सकाळी परसदारी उभा असायचा आणि मी त्याच्याकडे पाठ करून भांडी घासायची. पण मी सहावी शिकलेली होते, त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला कळतं याविषयी माझी खात्री होती.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं. पिंपरीच्या माळावर नव्या कंपन्या निघत होत्या आणि आमच्या यांना त्यातल्या एकीत नोकरी लागली होती. चिंचवडला एक खोलीही मिळाली होती. हे आठवडाभर तिकडं राहायचे आणि रविवारी चिखलीवरून सायकल मारत घरी यायचे. मी सासरी. लग्नाला वर्ष होत आलं, तरी आमचा संसार रविवारपुरताच होता. मला त्या खोलीत जाऊन राहायचं होतं, दुसरं काही सुचत नव्हतं. पण सून बिऱ्हाडाला धाडायची की नाही, हे ठरवायचं आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. त्या हो म्हणत नव्हत्या आणि नाहीही म्हणत नव्हत्या.

मग एका रविवारी रात्री जेवणं झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या सोमवार. डोंगराव महादेवाला जाऊन येऊ, मंग बघू तुझ्या पिंपरीचं."

घरातलं कुणी बिऱ्हाड हलवायला निघालं की आधी डोंगरावरच्या महादेवाला नारळ द्यायचा, ही त्या घरची रीत होती. मला मात्र लगेच कळलं की ही माझी परीक्षा आहे. पोरगी डोंगर चढते का बघणार, आणि चढली तरच खोली मिळणार. मी मनातल्या मनात पदर खोचला.

मी चूल सारवत होते. आत्याबाई जवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "दम हाय का गं तुला? असंल तर आत्ताच सांग."

"आहे की," मी ताठ होत म्हटलं. "भरपूर आहे."

"कवापास्नं?"

"लहानपणापासूनच. आमच्या घराण्यातच आहे तो. वडिलांचा तर अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

आत्याबाईंचा चेहरा उतरला. मला वाटलं, दबकल्या. मग त्या म्हणाल्या, "लग्नात बोलले न्हाईत त्ये."

"अशा गोष्टी आपल्या तोंडानं कोण सांगतं, आत्याबाई?" मी म्हटलं. वडिलांचा विनय सांभाळल्याचं समाधान मला वर मिळालं.

सकाळी आम्ही तिघी निघालो. आत्याबाई, मी आणि थोरल्या जाऊबाई. अनवाणी जायचं होतं. नारळ-फुलांची पाटी माझ्या डोक्यावर असायला हवी होती, पण जाऊबाईंनी ती आपल्या डोक्यावर घेतली. शिवार ओलांडून चढ लागला, तर पहिल्याच आंब्याखाली आत्याबाई म्हणाल्या, "बस जरा."

"मी दमले नाही."

"न्हाई तरी बस."

पुढं जिथं सावली दिसेल तिथं मला बसवायचा सपाटा सुरू झाला. एकीनं पाणी द्यायचं, दुसरीनं पदरानं वारा घालायचा. माझा संताप झाला. हे मला कमी लेखणं होतं, दुसरं काय? या मला नाजूक ठरवून नापास करणार, हे दिसतच होतं. म्हणून चौथ्या की पाचव्या सावलीला मी बसलेच नाही. साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि सरळ धावत सुटले.

डोंगरावर धावायचं नसतं, हे कुठल्याही शेळीला ठाऊक असतं. सहावीच्या पुस्तकात ते नव्हतं. पाचपन्नास पावलं झोकात गेली. मग पायाखालची सुटी खडी सरकू लागली, छातीत कुणीतरी भाता मारू लागलं, कानांत नुसतं सूं सूं. मी एका दगडाला मिठी मारून उभी राहिले. गळ्यातून निघणारा आवाज माझाच आहे हे मला आधी कळलंच नाही. मागून दोघी धापा टाकत वर आल्या. आत्याबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मला वाटलं, गेली खोली हातची.

उरलेला चढ मी कसा चढले ते सांगण्यासारखं नाही. काही ठिकाणी दोन पाय वापरले, बऱ्याच ठिकाणी चार.

वर कातळात कोरलेली गुहा होती, आत पिंड. गारवा असा की अंगावर काटा आला. आत्याबाईंनी नारळ ठेवला, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "महादेवा, ह्या पोरीचा दम जाऊ दे. पार जाऊ दे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासवा सुनांचा दम काढतात, हे मी ऐकून होते. पण त्यासाठी देवाला नारळ देणारी सासू मी पहिल्यांदाच पाहत होते. वर त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पिंपरीला न्हाई धाडत तुला. हितंच ऱ्हा माझ्यापाशी. त्यो येत जाईल."

वर्षभर गिळलेलं सगळं बाहेर आलं. "मी तुमचं काय वाईट केलंय? माझा दम तुमच्या डोळ्यांत का खुपतो?"

"खुपंल न्हाई तर काय?" त्या म्हणाल्या. "माझी थोरली लेक दमानंच गेली. रातच्या रात भिताडाला टेकून बसायची. सासरी कुनाला सांगितलं न्हाई तिनं. तितं चिंचवडात तुला रातीचं कोन बघनार?"

आमच्याकडं ज्याला दमा म्हणतात, त्याला या घरात नुसतं दम म्हणत. 'तुझ्यात दम हाय का' असं त्यांनी विचारलंच नव्हतं. 'तुला' म्हणाल्या होत्या. सहावीपर्यंत विभक्त्या घोकलेल्या मुलीला एवढाही फरक कळला नव्हता, आणि मी दमा घराण्यात असल्याचं छाती काढून सांगून बसले होते.

"आत्याबाई," मी म्हटलं, "मला दमबिम काही नाही. नुसता तोरा आहे."

"मंग वर येताना छाती कशानं वाजत हुती?"

"धावले म्हणून."

"कशापायी धावलीस?"

"तुम्हाला दाखवायला."

जाऊबाई पाटी टाकून खालीच बसल्या आणि पोट धरून हसू लागल्या. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला पाठमोरी केलं, पाठीला कान लावला आणि म्हणाल्या, "घे श्वास. आनखी घे." बराच वेळ त्या तशाच ऐकत राहिल्या. "तुझ्या बापाला बी न्हाई?"

"नाही."

"बरं झालं बाई," म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुखणं लपवून पोरगी गळ्यात मारली, अशी त्यांची काल रात्रीपासून समजूत होती. त्या काळी याहून कमी कारणावरून मुली माहेरी आणून सोडत. मी विचारलं, "आम्ही फसवलं असं वाटलं, तर मला माहेरी का नाही धाडलं?"

"धाडून काय करू? आता तू आमची हायस न्हवं?" त्या म्हणाल्या. "त्याला बी बोलले न्हाई मी. उगा त्याचं मन मोडलं असतं."

मी त्यांच्या पायांकडं पाहिलं. त्या वयात त्या अनवाणी एवढा डोंगर चढून आल्या होत्या, आणि मी वाटभर त्यांच्यावर दात खात होते. मला स्वतःची लाज वाटली.

चढणं ही निम्मीच फजिती असते, हे उतरताना कळलं. पोटऱ्या लटलट कापत होत्या. मी आत्याबाईंचा हात धरला आणि पायथा येईपर्यंत सोडला नाही. दमले की सांगत होते, आणि आम्ही बसत होतो.

पुढच्या रविवारी माझं बोचकं बैलगाडीत चढलं. वर्षभर ज्या घरातून सुटायला मी तळमळत होते, तिथून माझा पाय निघेना. आत्याबाई दारात उभ्या होत्या. गाडी महाळुंग्याच्या पुढं गेली तरी माझं रडणं थांबेना, तेव्हा यांनी घाबरून विचारलं, काय झालं. मी सांगितलं, डोंगर चढल्यापासून पोटऱ्या दुखतात. त्या बुधवारीच बऱ्या झाल्या होत्या.