खर्ज नव्हता, सूज होती

डॉक्टरांनी पडद्यावर माझा घसा दाखवला आणि म्हणाले, "काका, हा रियाझ नाही. ही सूज आहे."

आजाराचं नाव राइंकेज इडीमा. म्हणजे बिडीच्या धुराने गळ्यातल्या स्वरतंतूंत द्रव साठतो, ते जड होतात आणि आवाज खाली उतरतो.

मुलुंडच्या आमच्या भजन मंडळात मी बुवा. बुवाच्या पट्टीत सगळ्यांनी गायचं, ही आमची रीत. माझा आवाज उतरत गेला तशी मी पेटीची पट्टी उतरवत गेलो, काळी चारवरून थेट पांढरी एकवर. "बुवांचा खर्ज उघडला," लोक म्हणायचे. मलाही ते खरं वाटायला लागलं.

माझ्यामागे गायचा पुतण्या महेश. त्याचा आवाज मुळात उंच. "हनुवटी दाब, छातीतून काढ," मी त्याला सांगायचो. नवरात्रात त्याचा आवाज फुटला. मंडळी म्हणाली, मॅच बघताना बोंबलतो, दुसरं काय! मी मान डोलावली.

मला दवाखान्यात घेऊन आला होता तोच. त्याचं खरखरीत बोलणं ऐकून डॉक्टरांनी त्यालाही खुर्चीत बसवलं. नाकातून बारीक कॅमेरा घातला. ग्रॅन्युलोमा निघाला. खालचे सूर जोराने काढताना स्वरतंतूंची मागची टोकं एकमेकांवर आपटतात, तिथे आलेली ही गाठ.

"आवाज किती खाली जाणार, ते स्वरतंतूंच्या लांबी-जाडीवर असतं. दाबून काही होत नाही. कोणी शिकवलं हे?"

माझ्याकडे न बघता महेश म्हणाला, "असंच, सवय लागली."

माझ्या सुजेचा तुकडा काढून तपासायला गेला. कॅन्सर निघाला नाही. बिडी सुटली. महेशला मात्र कित्येक महिने गाणं बंद. गाठ जाईल, पण वरचा सूर पूर्वीसारखा लागेल का, याची डॉक्टर खात्री देत नाहीत. आवाज दोन-तीन आठवडे बसलेला राहिला, तर घसा दाखवून घ्या. आम्ही फार थांबलो.

शनिवारी मंडळात मी सांगून टाकलं, "मॅचने नाही, माझ्यामुळे गेला याचा आवाज. आणि माझा खर्ज धुराचा होता."

मग पखवाजवाले सावंत म्हणाले, "बरं बुवा, आता गायचं कुठल्या पट्टीत?"

"महेशच्या."

"अहो, तो तर मुका बसलाय!"

"असू दे."

पेटी काळी चारला लागली. मला ते झेपणारं नव्हतं, मी टाळ घेतले. महेशही नुसते टाळच वाजवत होता. पण गजर वर चढला तेव्हा मी पाहिलं, त्याची हनुवटी उचललेली होती.